सरोजताईची भुलाबाई

सरोजताई देवाशी भांडायची, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. प्रतापनगरात आमची दोन घरं एकाच भिंतीची. इकडे माझा ओटा, तिकडे तिचा. माझ्या चहाला उकळी यायच्या आधी तिचं सुरू व्हायचं. "काहून गा प्रभू, काहून असं करून राहिला? त्या पोरीचा बाप रोज पिऊन येऊन राहिला, अन् तू पाहूनच नाही राहिला. जरा इकडं पाह्य ना गा!"

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, नवऱ्याचं नाव प्रभू असावं. बिचाऱ्याची कीवच आली मला. सकाळपासून एवढं ऐकून घेतो आणि तोंडातून एक शब्द नाही! मग कळलं की नवरा वारून बरीच वर्षं झाली, ही लोखंडे बाई ख्रिस्ती आहे, प्राथमिक शाळेतून रिटायर झाली आहे, आणि प्रभू म्हणजे तो वरचा. येशू ख्रिस्त.

मी तोंडाची फटकळ. ओळख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं, "देवाला कोणी 'गा' म्हणतं का, सरोजताई?"

"मंग का 'सर' म्हणू त्याले?" ती म्हणाली. "शाळेत हेडमास्तरले म्हणत होती सर. हा तं घरचा आहे."

बुटकी, गोल चेहऱ्याची, कडक इस्तरीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. गुडघे दुखायचे म्हणून चालताना जरा डुलायची. घरात येशूचं एकच चित्र, तेही कॅलेंडरवरचं, निळ्या डोळ्यांचं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हा पाहुणा आहे. आपला नाही हा. आपला खाप्याचा असता, तं उन्हानं काळा पडला असता." खापा हे तिचं माहेर, कन्हान नदीच्या काठावरचं. काहीही सांगायचं झालं की तिची गाडी खाप्यावरूनच जायची.

आता भुलाबाईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुण्यामुंबईच्या माणसांना काही समजायचं नाही. आमच्याकडे विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीची भुलाबाई बसवतात. शेजारी भुलोजी. वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमायचं, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी सगळी सासर-माहेरची: सासू छळते, भाऊ न्यायला येत नाही, भुलाबाईला डोहाळे लागतात. शेवटी खिरापत. ती झाकून ठेवायची आणि डब्यात काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं की वाटायची.

खाप्याला सरोजताईचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. गल्लीत घरोघरी भुलाबाई बसायची. ही जायची, पण ओसरीच्या पायरीपर्यंत. आत बसायचं नाही, असं आईनं बजावलेलं. पायरीवर बसून तिची सगळी गाणी पाठ झाली. "घरी गायली तं आई म्हणे, हे आपलं नव्हे. तिथं गायली तं त्या पोरी म्हणत, तू आमच्यातली नव्हे. मंग मी नदीवर जाऊन गाये," ती म्हणायची. हे सांगताना हसायची, पण मला त्यात कधी हसू आलं नाही.

पुढे कधीतरी तिच्या डोक्यात आलं, की बायबलातल्या गोष्टी म्हणजे अर्ध्याअधिक भुलाबाईच्याच गोष्टी आहेत. सासू, सुना, भाकरी, विहिरी, बाळंतपणं. मग तिनं गाणी रचायला घेतली. चाल आपली, बोली आपली, टाळ्या आपल्या, आणि माणसं तिच्या पुस्तकातली. कागदावर एकही लिहिलं नाही. पोळ्या लाटता लाटता रचायची, आणि जमलं की भिंतीवर लाटणं आपटून मला बोलवायची. "ये वं माया, ऐक!" मी विमा कचेरीत हिशेबात आयुष्य घालवलेली बाई, मला गाण्यातलं काय कळणार? तरी जायची. पोळी तव्यावर करपायची आणि ही गात असायची.

"देवळातली गाणी किती चांगली असतात गं, मग हे कशाला?" मी एकदा म्हटलं. ती चर्चला देऊळच म्हणायची.

"चांगली आहेत. पण कोट घातल्यासारखी आहेत," ती म्हणाली. "मले घाम येते त्याच्यात. तो प्रभू तं कोळ्या-सुतारांत राहिला, मंग त्याच्याशी बोलतानी आपण काहून एवढे अवघडून जातो? माह्या आजीले प्रार्थना करता नाही येत होती. शब्दच नव्हते तिच्यापाशी. रडून घेई अन् आमेन म्हणे. मले तिच्यासाठी गाणी पाहिजे."

तिचं रूथचं गाणं सगळ्यांत गाजलं. रूथ ही बायबलातली एक सून. नवरा मेला, सासूनं सांगितलं की बाई तू आता माहेरी जा, तर ही ऐकेचना. सासूबरोबरच परमुलखात गेली आणि कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचून तिला पोसलं.

*जाय वं रूथी माहेराले, गाडी उभी दारात*
*नाही जात सासूबाई, तुमच्या संगं वावरात*
*तुमची चूल तीच माझी, तुमची विहीर माझी*
*तुमचा देव तो माझा देव, नका करू नाराजी*

आमच्या गल्लीत बोरकर आजी होत्या. गल्लीची भुलाबाई त्यांच्याच अंगणात बसायची. सरोजताई तिथे सरळ आत जाऊन पोरींमध्ये बसायची, तिला कोणी पायरीवर थांबवलं नाही. हे गाणं तिनं तिथे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आजींनी डोळे पुसले आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "ऐक, ऐक जरा!" सून भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "अशी सून गाण्यातच असते आई, अन् अशी सासूबी." सगळं अंगण हसलं. सरोजताई तर इतकी हसली की चष्मा दोरीला लोंबकळायला लागला. त्या दिवसापासून पोरी रोज तेच गाणं मागायच्या.

दुसरं होतं मरियेच्या डोहाळ्यांचं. मरिया म्हणजे येशूची आई. त्यातली एक ओळ मला अजून आठवते. *पहिल्या महिन्यात मरियेले चिंच खावीशी वाटली, सुतार गेला बाजारात, चिंच नाही भेटली.* सुतार म्हणजे तिचा नवरा योसेफ. असे नऊ महिने. नवव्या महिन्यात बिचारीला गाढवावर बसवून परगावी नेतात, तेव्हा गाणं एकदम बदलायचं, टाळ्या थांबायच्या. *कोण तिची सासू होती, कोण तिला म्हणालं जा?* एवढंच दोनदा म्हणून ती गप्प व्हायची. माझ्या धाकटीच्या बाळंतपणात आम्ही कसे धावलो होतो ते मला दरवेळी आठवायचं. मरिया माझी कोण? पण आठवायचं खरं.

हेच गाणं तिनं नाताळच्या आधी देवळातल्या बायकांच्या सभेत म्हटलं. त्यांचे पास्टर तरुण, बाहेर कुठे तरी शिकून आलेले, बोलायला मृदू. उपासनेनंतर त्यांनी तिला बाजूला घेतलं. मी तिला न्यायला रिक्षा घेऊन गेले होते, म्हणून माझ्या कानावर पडलं.

"ताई, बायबलच्या वचनात डोहाळे कुठे आहेत?"

"बाई होती नं ती, पास्टरसाहेब? मंग लागले असंनच."

पास्टर हसले, पण मनापासून नाही. म्हणाले, "ताई, चाल देवीची आहे. लोकांचा विश्वास डळमळतो."

"चाल कोणाची राहते का?" सरोजताई म्हणाली. "खाप्याच्या बायांची आहे ती. त्याहिले कोणी विचारलं नाही, कोणत्या देवाची म्हणून."

रिक्षात बसल्यावर तिनं आधी दुखरे गुडघे चोळले. मग म्हणाली, "पोरगा वाईट नाही वं. भेलेला आहे." ते खरंच होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या फाटकापाशी काही लोक येऊन घोषणा देऊन गेले होते. पास्टरांची दोन लहान मुलं तेव्हा आवारातच खेळत होती. त्यानंतर त्या माणसाला सगळंच भेडसावत होतं: ढोलकी, जास्त टाळ्या, फाटकाशी उभी मोटरसायकल. मी त्यांना नावं ठेवली खूप, पण तेव्हा त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

बोरकर आजी गेल्या आणि सुनेनं अंगणात गाडी ठेवायला शेड घातली. भाद्रपद आला तशा पोरी सरोजताईच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "आजी, यंदा तुमच्याकडे बसवा ना भुलाबाई!"

मी तिला इतकं कासावीस झालेलं आधी पाहिलं नव्हतं. जी पोर पायरीवर बसली होती, तिच्याच अंगणात भुलाबाई यायला निघाली होती. तिला ती हवी होती, फार हवी होती. पण ती पक्की ख्रिस्ती. मूर्ती घरात ठेवणार नाही म्हणजे नाही. "त्यानं सांगितलं आहे वं, माह्याशिवाय कोणापुढं बसायचं नाही. मी त्याच्याशी भांडते, पण त्याले फसवत नाही."

"मग सांग पोरींना नाही म्हणून."

"तेबी नाही होत माह्यानं."

मग तिनं जे केलं ते फक्त तीच करू जाणे. अंगणात धांड्यांचं मखर बांधलं, सुरेख, पाच धांडे वर एकत्र बांधून झेंडूच्या माळा सोडल्या. खाली रांगोळी, रांगोळीवर पाट. आणि पाट रिकामा. ना भुलाबाई, ना भुलोजी, ना क्रॉस, ना काही. शेजारी एक समई. मला दाखवून म्हणाली, "पाह्य, कोणाचंच मन नाही दुखत. ज्याले जो दिसंल तो त्यानं बसवावा." चेहरा नुसता उजळला होता. पण मी मनात म्हटलं, हिला वाटतं आहे वाद मिटला, आणि हा तर दोन्हीकडून पेटायचा.

पोरींना पाटाचं काहीच वाटलं नाही. त्या रोज आल्या, गायल्या, खिरापत ओळखून खाऊन गेल्या. सरोजताई पाटाशेजारी बसून टाळ्यांचा ताल धरायची. तो महिना तिच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा होता, असं मी छातीठोक सांगते.

कोजागिरीला गल्लीतल्या बायका आल्या. त्यांत कल्पना होती. कोपऱ्यावरच्या घरात नवीन आलेली, उत्साही, कुठल्याही कार्यक्रमाला पहिली. पाट बघून ती थबकली. "भुलाबाई कुठे आहे काकू?"

"मनात बसवायची बाई ज्याची त्यानं," सरोजताई म्हणाली.

पोरींनी रूथचं गाणं धरलं होतं. कोणी तरी मोबाइल वर धरला. तो कल्पनाचाच होता असं मी म्हणत नाही, मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या आंघोळीआधी तो व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं, देवी काढून टाकली, आपल्या मुलींना काय शिकवतात ते ऐका. आणि व्हिडिओ नेमका त्या ओळीवर थांबवलेला: *तुमचा देव तो माझा देव.*

दुपारी काही माणसं आली. कॉलनीतली कमी, बाहेरची जास्त. आरडाओरडा नाही, दगड नाही. काका-काकू म्हणत अगदी अदबीनं बोलत होते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, लहान मुलींकडून तुमचा देव माझा देव म्हणवून घेता. याचा अर्थ काय होतो?"

सरोजताई फाटकाला धरून उभी होती. "अरे बापू, सून म्हणून राहिली सासूले."

"हे आम्हाला नका शिकवू."

मी मध्ये पडले. माझा आवाज मोठा, गल्लीभर जाईल असा. म्हटलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जुन्या महाल वस्तीत गणपती बसला, भोसल्यांच्या काळापासूनचे आम्ही, माझी नात त्या पोरींत गात होती, मला काही धोका दिसला नाही, तुम्हाला कुठून दिसला? तो माणूस नम्रपणे म्हणाला, "मावशी, तुमच्यासारख्यांमुळेच होतं हे." आणि अंगणात येऊन त्यांनी ते मखर सोडलं. मोडलं नाही हं, सोडलं. गाठी सोडून धांडे नीट भिंतीला लावून ठेवले. पाट उचलून तिच्या हातात दिला. पोलीस स्टेशनमधून एक जण येऊन समज देऊन गेला, बाई, या वयात कशाला भानगडीत पडता. तिथे ते संपलं.

तिकडे तोच व्हिडिओ देवळात पोचला होता. तिथे कोणाला गाण्याचे शब्द दिसलेच नाहीत. तिथे दिसलं मखर, झेंडू, रांगोळी, समई. लोखंडे बाईंनी देवीचं मखर घातलं! देवळाच्या पंचांची कमिटी बसली. पास्टर स्वतः तिच्या घरी येऊन सांगून गेले. मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करायची, ती गाणी पुन्हा गाणार नाही, रचणार नाही, कोणाला शिकवणार नाही असं वचन द्यायचं. तोवर प्रभुभोजनात भाग नाही.

प्रभुभोजन म्हणजे काय हे मला तोवर धड माहीत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची इवलीशी पेली, प्रत्येकाला. मला वाटलं, प्रसाद नाही मिळाला एखादे वेळी तर काय बिघडलं? तसं बोलूनही दाखवलं. सरोजताई म्हणाली, "मायनं जेवाले वाढलं, सगळ्याहिले वाढलं अन् तुलेच म्हटलं उठ, तं कसं लागंन तुले?"

माणसं दारात आली तेव्हा ती रडली नाही. आता मात्र भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज यायला लागला.

वचन द्यायला ती तयार नव्हती. "खोटं कसं बोलू? चूक झाली नाही तं चूक झाली कशी म्हणू?" देवळात जाणंही सोडलं नाही. गुडघ्यांमुळे एकटीला रिक्षात चढता येत नव्हतं म्हणून मी सोबत जायची. सगळ्यांत मागच्या बाकावर बसायचो दोघी. पहिल्या रविवारी पंच ताट घेऊन रांगेरांगेनं यायचे. आमच्या बाकाशी आले की त्यांची नजर वर पंख्याकडे जायची आणि ताट पुढे सरकायचं. सरोजताई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. पुढच्या बाकावरची लहान मुलगी मागे वळून विचारायची, "आजी, तुम्ही नाही घेत?" तिची आई तिचं तोंड पुढे वळवायची. माझा असा संताप व्हायचा की उठून ते ताट हिसकावून घ्यावं! एकदा मी उठलेच होते. तिनं माझा हात घट्ट दाबून धरला.

असं कितीतरी महिने चाललं. ती वाळत गेली. साड्यांची इस्तरी गेली. मनीषनगरच्या फ्लॅटवरून तिचा मुलगा अभय यायचा, समजवायचा. "आई, सॉरी म्हण आणि मोकळी हो. गाण्यांसाठी एवढं काय?" ती त्याच्याकडे असं बघायची, की हा आपल्याच पोटचा का? एका दुपारी मी तिच्यासाठी वरणफळं घेऊन गेले. तिनं वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "भूक लागते वं माया. खाऊन खाऊन भूक लागते." मला आधी कळलं नाही. मग देवळातलं ते पुढे सरकणारं ताट आठवलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

आणि एका रविवारी, मला आधी काही न सांगता, ती उठून पुढे गेली. डुलत डुलत, बाकांना धरत. पास्टरांनी कागदावरून एकेक वाक्य वाचलं आणि ती प्रत्येकाला "हो" म्हणाली. आवाज शाळेतल्या हजेरीसारखा. शेवटच्या "शिकवणार नाही" ला ती थांबली. सगळं देऊळ थांबलं. मग म्हणाली, "हो." पास्टरांचे डोळे भरून आले होते, हेही मी सांगायलाच हवं. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला भाकर दिली.

मी घरी येईपर्यंत दम धरला. रिक्षातून उतरताच तोंड सोडलं. "विकलीस ना गाणी? एका तुकड्यासाठी? एवढी खाप्याच्या बायांची कैवारी होतीस!"

तिला राग आला नाही. फाटक उघडताना म्हणाली, "गाणी त्याच्यासाठीच होती नं वं. त्याच्या ताटावरून उठून त्याचीच गाणी कशी म्हणू?"

ती बरोबर होती असं मला वाटत नाही. चुकली असंही म्हणवत नाही. त्या माणसांवर, त्या पंचांवर, आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या प्रभूवरसुद्धा माझा राग आहे. एवढी गाणी ऐकली होती ना त्यानं? मग बोलायचं होतं की एकदा तरी!

वचन म्हणजे वचन. भिंतीपलीकडे लाटण्याचा आवाज यायचा, गाण्याचा नाही. साधं गुणगुणणंही बंद. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिचं भांडण गेलं. सकाळी कान देऊन ऐकलं तर हळू आवाजात, पुस्तकी मराठीत प्रार्थना चाललेली असायची. "हे प्रभो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." "गा" कुठेच नाही. मला ते गाण्यांपेक्षाही जास्त लागलं. एकदा मी मुद्दाम भिंतीवर लाटणं आपटलं. ती आली, काय हवं म्हणून विचारलं, साखर देऊन परत गेली.

पुढच्या हिवाळ्यात अभय तिला मनीषनगरला घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत ती तिथे वारली. अंत्यविधीला मी होते. पास्टर फार चांगलं बोलले. विश्वासू बहीण, आज्ञाधारक बहीण. गीतपुस्तकातली गाणी झाली. मी फुलं ठेवून मागे उभी राहिले. पण माझ्या डोळ्यांपुढे जी सरोजताई शेवटची म्हणून राहिली आहे, ती तिथली नाही. ती त्याआधीच्या कोजागिरीची आहे.

त्या वर्षी भुलाबाई कल्पनाच्या पोर्चमध्ये बसली होती. मोठी, रंगवलेली मूर्ती, दिव्यांच्या माळा, स्पीकर. कल्पना संध्याकाळी आम्हा दोघींना बोलवायला आली. "काकू, झालं गेलं विसरा. खिरापतीला तरी या." तिच्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं. मला वाटलं सरोजताई नाही म्हणेल. ती पदर सावरून निघाली.

आम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या. पोरी गोल करून बसल्या होत्या, नवीन घागरे, हातात टिपऱ्या. दोन-तीन जुनी गाणी झाली. मग त्यांनी एक धरलं.

*जाय वं रखमे माहेराले, गाडी उभी दारात...*

रूथीची रखमा झाली होती. बाकी अक्षर न्‌ अक्षर तेच. पोरी मोठ्यानं म्हणत होत्या. त्यांच्या आया म्हणत होत्या. वर्षापूर्वी ज्या बायका ग्रुपवर त्या व्हिडिओखाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकत होत्या, त्या ताल धरून म्हणत होत्या, *तुमचा देव तो माझा देव, नका करू नाराजी.* कल्पना तर डोळे मिटून गात होती.

मी सरोजताईकडे बघायला धजेना.

गाणं संपल्यावर कल्पना धापा टाकत आमच्याजवळ आली, तिच्या शेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "काय गोड आहे ना काकू? फार जुनं आहे हे. आमच्या बायकांचं, पूर्वापार चालत आलेलं. तुमच्यात नसतं ना असं काही?"

माझं तोंड उघडलं होतं. काय काय येणार होतं त्यातून ते मलाच माहीत. सरोजताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ते मिटलं.

"नाही वं बाई," ती कल्पनाला म्हणाली. "आमच्यात नसते."

मग खुर्चीत जरा पुढे सरकली, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाली, "त्या पोरींले सांग नं, आणखी एक डाव म्हणा म्हणून."